लेस्टरच्या काकांना, ध्वनिमुद्रिकांबद्दल

तीर्थस्वरूप काकांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

विसाव्या शतकातील ज्या ब्रिटिश संगीतकारांची नावे मैफलींच्या कार्यक्रमपत्रिकेत क्वचितच दिसतात, त्यांच्या संगीताची वाट तुम्ही मला दाखवलीत, त्याबद्दल हे आभाराचे पत्र आहे. ते सर्वांना वाचता येईल असे लिहिते आहे, कारण लेस्टरला तुमच्या दिवाणखान्यात बसून जे ऐकले त्याचा लाभ माझ्यापुरता राहू नये असे मनापासून वाटते. पाश्चात्त्य अभिजात संगीत ऐकू लागलेले आपल्याकडचे कितीतरी श्रोते बाख, मोझार्ट, बीथोवेन यांच्यापर्यंत आपले आपण पोहोचतात, इंग्लंडच्या बाबतीत एल्गार आणि होल्स्ट यांच्या एकदोन रचनांपाशी थांबतात, आणि पुढे काय आहे हे सांगणारे कोणी त्यांना भेटत नाही. मला तुम्ही भेटलात.

तुमचा नियम कडक होता: आधी ऐकायचे, वेष्टनावरचा मजकूर नंतर वाचायचा. संगीतकाराची करुण हकिकत आधी कळली तर आपण संगीत न ऐकता त्या माणसाची कीव करत बसतो, असे तुमचे म्हणणे होते. म्हणून जेराल्ड फिन्झी यांचा सेलो कंचेर्टो, म्हणजे सेलो (मोठे, खर्जातले व्हायोलिनसारखे वाद्य) आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना, तुम्ही लावलात तेव्हा मला त्यांचे फक्त नाव ठाऊक होते. संथ अशा दुसऱ्या भागाच्या आरंभी तुम्ही एवढेच म्हणालात, की सेलोची वाट पाहू नकोस, वाद्यवृंद काय मांडतो आहे ते ऐक. पुढे सेलोने ती धून उचलली तेव्हा ती माझ्या ओळखीची झाली होती. विशीतल्या यो-यो मा यांनी व्हर्नन हँडली यांच्या संचालनाखाली १९७९ साली केलेले ते मुद्रण आजही माझ्याकडे सर्वांत जास्त वाजते. फिन्झी १९५१ पासून असाध्य आजाराने ग्रासलेले होते, १९५५ साली चेल्टनहॅम महोत्सवात ही रचना प्रथम वाजली, आणि सप्टेंबर १९५६ मध्ये मृत्यूच्या आदल्या रात्री त्यांनी ती रेडिओवर ऐकली, हे सारे मी नंतर वाचले. तुमचा नियम योग्यच होता. हे आधी कळले असते, तर त्या दुसऱ्या भागात मी केवळ मृत्यूच शोधत राहिले असते, आणि त्यात असलेला भरघोस, निरोगी आनंद माझ्या कानांतून निसटला असता.

फिन्झी यांनी इंग्लंडमधील नामशेष होत चाललेल्या सफरचंदांच्या जाती हॅम्पशायरमधील आपल्या बागेत जपल्या, आणि मनोरुग्णालयात आयुष्याची अखेरची वर्षे काढलेल्या कवी-संगीतकार आयव्हर गर्नी यांची गाणी प्रकाशात यावीत म्हणून मेरियन स्कॉट यांच्याबरोबर अनेक वर्षे खटपट केली, हेही तुमच्याकडूनच कळले. अशी खटपट करणाऱ्यांबद्दल तुम्ही नेहमी फार आदराने बोलता. त्यांत रिचर्ड इटर यांचे नाव पहिले. बकिंगहॅमशायरमधील बर्नहॅम येथे १९५९ साली त्यांनी ‘लिरिटा’ ही ध्वनिमुद्रण संस्था काढली. आरंभी स्वतःच्या घरीच पियानोची मुद्रणे केली, आणि पुढे मोठे वाद्यवृंद व डेक्का कंपनीचे निष्णात तंत्रज्ञ घेऊन बॅक्स, मोरन, रुब्रा, फिन्झी यांच्या ज्या रचनांना अन्य कोणी हात लावत नव्हते त्या ध्वनिमुद्रिकांवर आणल्या. छापील स्वरलिपी कपाटात असली तरी सामान्य श्रोत्याच्या दृष्टीने ती मुकीच असते. सिंफनी वाजवायची तर सत्तर-ऐंशी वादक, तालमी आणि पैसा लागतो, आणि अनोळखी नावासाठी हा खर्च करायला संयोजक धजावत नाहीत. त्यामुळे एखादी रचना ऐकू येत नाही म्हणून ती सामान्य असली पाहिजे, असे अनुमान काढू नये, हे तुम्ही मला एकेक मुद्रिका हाती देऊन पटवलेत.

अर्नेस्ट मोरन यांची ‘जी मायनर’ या स्वरातील सिंफनी तुम्ही एकाच संध्याकाळी दोनदा ऐकवलीत. पहिले मुद्रण १९४२ सालचे, ब्रिटिश कौन्सिलच्या साहाय्याने ऐन महायुद्धात झालेले, हॅले वाद्यवृंद आणि संचालक लेस्ली हेवर्ड यांचे. दुसरे १९७० च्या दशकातील, सर एड्रियन बोल्ट यांचे, अर्थातच लिरिटाचे. बोल्ट यांच्या मुद्रणात प्रत्येक वाद्य स्वच्छ ऐकू येते, परंतु माझे मत आजही हेवर्ड यांच्याच बाजूने आहे. खरखरीतून येणारी त्यांची निकड दुसऱ्या कोणाला साधलेली नाही. क्षयाने आजारी असलेले हेवर्ड पुढच्याच वर्षी गेले.

माझ्यावर सर्वांत खोल परिणाम केला तो मात्र जॉन फाउल्ड्स यांनी. ते मँचेस्टरचे सेलोवादक आणि संगीतकार. मृतांच्या स्मरणार्थ लिहिलेली त्यांची ‘अ वर्ल्ड रेक्वियम’ ही रचना लंडनमध्ये १९२३ ते १९२६ या काळात दरवर्षी पहिल्या महायुद्धाच्या युद्धविरामदिनी गायली गेली आणि त्यानंतर २००७ पर्यंत पुन्हा झाली नाही. तुम्ही लावलेत ते त्यांचे पियानो आणि वाद्यवृंदासाठीचे ‘डायनॅमिक ट्रिप्टिक’, पियानोवर हॉवर्ड शेली. त्याचा पहिला भाग आरंभापासून अखेरपर्यंत एकाच सप्तस्वरी चौकटीत फिरतो, आणि मिरजेत तंबोऱ्यांच्या सहवासात वाढलेल्या माझ्या कानाला ती शिस्त तत्काळ कळली. दुसऱ्या भागात तंतुवाद्ये पाव स्वरांनी (पेटीच्या दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराच्याही निम्म्याने) सरकू लागली तेव्हा मी उठून उभी राहिले होते. १९३५ साली फाउल्ड्स हिंदुस्थानात आले, दिल्लीच्या आकाशवाणीवर युरोपीय संगीताचे प्रमुख झाले, भारतीय वाद्यांचा वृंद घडवू लागले, आणि १९३९ साली कलकत्त्यात पटकीने वारले. त्यांनी १९३८ साली हार्मोनियमवर कडक टीका करणारा लेख लिहिला होता, आणि १९४० साली आकाशवाणीने त्या वाद्यावर बंदी घातली, जी १९७१ पर्यंत सैल झाली नाही. गोविंदराव टेंबे यांची पेटी डोक्यावर घेणाऱ्या आपल्या प्रांताला ही बंदी किती बोचली असेल ते सांगायला नको. फाउल्ड्स यांचे हार्मोनियमविषयीचे मत मला मान्य नाही. तरीही पाव स्वरांसाठी आसुसलेल्या माणसाला स्थिर पट्ट्यांचे वाद्य का खुपले, हे त्यांचे संगीत ऐकल्यावर मला समजले.

हॅवरगल ब्रायन यांच्या संगीताची पहिली व्यापारी ध्वनिमुद्रिका आपल्या लेस्टरच्याच शाळकरी मुलांच्या वाद्यवृंदाने १९७२ साली डी मॉन्टफर्ट हॉलमध्ये वाजवली, हे तुम्ही ज्या अभिमानाने सांगता तो मला फार आवडतो. शहाण्णव वर्षांचे ब्रायन ती बाजारात येण्यापूर्वीच गेले.

आता माझ्याकडून एक मुद्रण स्वीकारा. रूथ गिप्स यांच्या दुसऱ्या आणि चौथ्या सिंफनीची, रूमन गाम्बा यांनी वेल्सच्या बीबीसी वाद्यवृंदाबरोबर केलेली सीडी पोस्टाने पाठवते आहे. मार्च १९४५ मध्ये बर्मिंगहॅमला एकाच कार्यक्रमात या बाईंनी ग्लाझुनोव्ह यांच्या कंचेर्टोत पियानो वाजवला आणि स्वतःच्या पहिल्या सिंफनीत वाद्यवृंदात बसून कोर आँग्ले हे फुंकून वाजवायचे वाद्य वाजवले. याहून अधिक मी काही सांगत नाही, कारण नियम तुमचाच आहे. चौथ्या सिंफनीपासून आरंभ करा आणि ऐकून झाल्यावर फोन करा; तिचा शेवट तुम्हाला कसा वाटला हे मला तुमच्या तोंडून ऐकायचे आहे.

तुमची ऋणी,
मिरजेची एक श्रोती