तिसरी शिकवणी घेण्याआधी

प्रिय मनू,

काल रात्री "बाबा, हा माझा निर्णय आहे" म्हणालीस आणि आत निघून गेलीस. आई माझ्याकडे बघत राहिली. समोरासमोर बोलायला बसलो की आपल्या दोघांचे आवाज चढतात, तुझा माझ्यासारखा आणि माझा अप्पांसारखा, म्हणून लिहितो आहे. सावकाश वाच. बाहेर पडायच्या घाईत वाचू नकोस.

आधी एक सांगून टाकतो. तू शिकवतेस ते मला फार आवडतं. सातवीतला तो मुलगा आपल्याकडे येतो तेव्हा मी बाहेरच्या खोलीत पेपर उघडून बसतो, पण माझं सगळं लक्ष तुमच्याकडे असतं. परवाचं ते अपूर्णांकाचं गणित आठवतं? १/२ अधिक १/३. त्याने उत्तर लिहिलं २/५. अंशात अंश मिळवला, छेदात छेद मिळवला आणि मोकळा झाला. मला वाटलं, आता तू लसावि काढायला सांगणार. बहुतेक मोठी माणसं तेच सांगतील. तू विचारलंस, "अर्धा मोठा की दोन पंचमांश?" त्याला येईना. मग तू त्याला एक पट्टी काढायला लावलीस, पाच भाग करायला लावलेस, त्यातले दोन रंगवायला लावलेस. रंग अर्ध्याच्या अलीकडेच थांबला. तेव्हा विचारलंस, "अर्ध्यात आणखी काही मिळवलं, तर उत्तर अर्ध्यापेक्षा कमी कसं आलं?"

आणि गप्प बसलीस. मनू, त्या गप्प बसण्याचं मला खरं कौतुक आहे. इतका वेळ कुणीच बोलेना, तेव्हा मलाच राहवेना, आत येऊन उत्तर सांगावंसं वाटलं. पण तू थांबलीस आणि तो स्वतःच म्हणाला, "म्हणजे माझं चुकलंय." त्यानंतर सहा भागांच्या पट्टीवर तीन आणि दोन रंगवून पाच षष्ठांश यायला वेळ लागलाच नाही. लसावि कशासाठी काढायचा हे त्याला तेव्हा दिसलं.

हल्ली माझ्याकडे वेळ आहे, तर मी याबद्दल वाचत असतो. मेरी बड रो नावाच्या एका संशोधक बाईंनी १९७०च्या दशकात वर्गांतलं बोलणं टेप करून अभ्यासलं. शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी सेकंदभरच थांबतात आणि मग स्वतःच बोलू लागतात, किंवा दुसऱ्याला विचारतात, असं त्यांना दिसलं. तोच वेळ तीन सेकंदांच्या पुढे नेला की मुलांची उत्तरं लांब होतात, जास्त मुलं बोलू लागतात, "माहीत नाही" कमी होतं. अनुभवी शिक्षकांनाही जे जड जातं ते तुला या वयात जमतं. तुला ते कुणी शिकवलं मला माहीत नाही. कदाचित ताईने.

ताईवरून आठवलं. तू लहान होतीस तेव्हा ०.३५ हा ०.४ पेक्षा मोठा, असं हट्टाने म्हणायचीस. पस्तीस चारपेक्षा मोठे, मग हे मोठं का नाही? मी तुला तीनदा तेच ते समजावलं आणि तिन्ही वेळा तू रडलीस. ताईने काही समजावलं नाही. तिने ०.४ च्या पुढे एक शून्य लिहिलं आणि वही तुझ्याकडे सरकवली. ०.३५ आणि ०.४०. तू बराच वेळ बघत बसलीस आणि मग इतकी हसलीस की आजी उठून बघायला आली. ताई तेव्हा आत्ताच्या तुझ्याएवढीच असेल. तिचं ते पुढचं सगळं व्हायच्या आधीचं. असो. ते मला लिहायचं नव्हतं.

लिहायचं होतं ते तिसऱ्या शिकवणीबद्दल.

कपाटात तू ठेवलेलं पाकीट आईला मिळालं. वर काही लिहिलेलं नव्हतं, पण आत काय आहे आणि कुठून आलं हे आम्हाला कळलं. आई काही बोलली नाही, तिथेच ठेवून दिलं तिने. माझं ऑफिसचं ते झाल्यापासून तू घरात हिशेब करत असतेस, मला दिसतं. सहलीला नाव दिलं नाहीस. नव्या चपला "जुन्या चांगल्या आहेत" म्हणून परत करायला लावल्यास. आणि आता तिसरा विद्यार्थी, तोही आठवड्यातले चार दिवस, तोही तुझ्या परीक्षेच्या वर्षात. तुला शिकवायला आवडतं म्हणून तू तिसरा मुलगा घेते आहेस, की आमच्यासाठी? दोन्ही असेल, असं तू म्हणशील. त्या दोन्हीतलं दुसरं किती आहे, तेवढंच मला हवं आहे. घर चालवायचं काम माझं आणि आईचं आहे, आणि ते आम्ही करतो आहोत.

हे एकदाच लिहायचं ठरवलं होतं. आता शिकवणीचंच बोलतो.

तुझ्या दुसऱ्या विद्यार्थिनीच्या घरी जाशील तेव्हा दिवाणखान्यात बस, नाहीतर खोलीचं दार उघडं ठेवायला सांग. घरात कुणी मोठं माणूस नसेल तर त्या दिवशी शिकवणी होणार नाही, हे आधीच बोलून ठेव. यात कुणावर संशय घेण्यासारखं काही नाही. पोक्त शिक्षकसुद्धा हेच पाळतात, आणि मुलांना शिकवणाऱ्याने ते पाळायलाच हवं, शिकणाऱ्यासाठीही आणि स्वतःसाठीही. वेळ बदलायची, सुट्टी घ्यायची, फीचं बोलायचं, ते सगळं पालकांशी. तिच्या फोनवर रात्री दहाला गणितं सोडवत बसू नकोस. महिन्याला किती तास, फी कधी, आयत्या वेळी रद्द झालं तर काय, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट केलं की पुढे कुणाचं मन दुखावत नाही. तुला फी मागायला संकोच वाटतो, ठाऊक आहे मला. त्या संकोचाचा लोक फायदा घेतात, मुद्दाम नाही घेत, पण घेतात. आणि गृहपाठ तू करून देऊ नकोस. ती "फक्त हे एवढं" म्हणेल. त्या एवढ्यातच तिचं शिकणं असतं. शेवटची दहा मिनिटं मागच्या आठवड्यातलं काहीतरी वही बंद करून विचार. नुसतं पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून सांगितलेलं जास्त टिकतं, आणि मध्ये दिवस गेल्यावर आठवलेलं आणखी टिकतं. आणि जेव्हा ती...

बघ, सुरू झालं माझं भाषण. तू यातलं निम्मं आधीच करतेस, आणि उरलेलं आईने सांगितलंय. रागावू नकोस. दाराचं तेवढं मात्र कायम लक्षात ठेव.

घटक चाचणीत तिला कमी गुण पडले त्या रात्री तू जेवली नाहीस. तिची आई फोनवर काय बोलली ते तू आम्हाला पूर्ण सांगितलं नाहीस, पण "मला जमत नाही बहुतेक" एवढं आईला म्हणालीस. तेव्हापासून मला चैन नाही. बेंजामिन ब्लूम या शिक्षणतज्ज्ञाने १९८४ मध्ये एक गाजलेला लेख लिहिला. एकास एक शिकवलेला सरासरी विद्यार्थी नेहमीच्या वर्गातल्या शंभरातल्या अठ्ठ्याण्णवांच्या पुढे जातो, असं त्यात होतं. ते आकडे वाचून कुठल्याही शिकवणी घेणाऱ्याला वाटेल, मग माझी विद्यार्थिनी मागे का? पण त्या प्रयोगांत मुलांना एक घटक नीट येईपर्यंत पुढे नेतच नव्हते, पुन्हा पुन्हा तपासून चुका दुरुस्त करत होते. नंतरच्या अभ्यासांत शिकवणीचा फायदा दिसला, चांगला दिसला, पण एवढा मोठा नाही. तुझ्या विद्यार्थिनीला वर्गाबरोबर पुढचे धडेही करायचे असतात आणि मागचे कच्चे पाढेही. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी तू तिचं अख्खं वर्ष उचलू शकत नाहीस. तिची झोप, तिची भीती, तिच्या घरातलं वातावरण, तिच्या वर्गातली मुलं, हे सगळं त्या गुणांत असतं. आणि गुण वाढण्याच्या आधी दुसऱ्या गोष्टी बदलतात. ८ + ४ = ☐ + ५ यात ती आधी चौकटीत बारा लिहायची, कारण बरोबरचं चिन्ह म्हणजे "आता उत्तर लिहा" असं तिला वाटायचं. आता ती थांबते आणि सात लिहिते. हे तूच मला आनंदाने सांगितलं होतंस. बीजगणित याच्यावर उभं राहतं. चाचणीत तो प्रश्न नव्हता, एवढंच.

तिच्या गुणांचं ओझं तू घेतेस, घराचं घेतेस, माझं घेतेस. तुझ्या वयात इतकं कुणी वाहायचं नसतं. आलोच पुन्हा तिथे.

मेरी क्युरीबद्दल शाळेत तुम्ही नोबेल पाठ केलंत. त्याच्या आधीचं मी परवा वाचलं आणि तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही. तेव्हा ती मारिया स्क्लोदोव्स्का होती. मोठ्या बहिणीला, ब्रोन्याला, पॅरिसला वैद्यक शिकायला पाठवायचं आणि मग बहिणीने तिला बोलवायचं, असं दोघींनी ठरवलं. घरी पैसे नव्हते. वयाच्या अठराव्या वर्षी, १८८६ च्या सुरुवातीला, ती घरापासून दूर एका कुटुंबात मुलांना शिकवायला राहिली. मिळकतीतला वाटा बहिणीला पाठवायची. रिकाम्या वेळात गावातल्या गरीब मुलांना वाचायला शिकवायची, आणि रात्री स्वतःची पदार्थविज्ञानाची आणि गणिताची पुस्तकं वाचायची. हे वाचून माझा ऊर भरून आला, कारण मला त्यात तू दिसलीस. पण पुढचं ऐक. बहिणीचं बोलावणं आलं तेव्हा ती लगेच गेली नाही. पैसे पुरेसे नव्हते, आणि वडिलांजवळ राहायचं होतं. पॅरिसला पोहोचायला तिला १८९१ उजाडलं. ती पोहोचली म्हणून आपल्याला तिचं नाव ठाऊक आहे. वडिलांसाठी, भावंडांसाठी थांबलेल्या आणि मग कधीच न निघालेल्या मुली किती असतील, त्यांची नावं कोण सांगणार? त्या वडिलांना तेव्हा काय वाटलं असेल, याचा मी फार विचार केला. मुलगी जवळ आहे याचा आनंद त्यांनाही झालाच असेल. मलाही होतो. म्हणून तर भीती वाटते.

तू तो वसतिगृहाचा फॉर्म अजून भरलेला नाहीस. विचारलं तर म्हणालीस, "इथे माझे विद्यार्थी आहेत." विद्यार्थी आहेत, खरं आहे, आणि त्यांना मध्येच सोडू नये हेही खरं. वार्षिक परीक्षेपर्यंत दोघांना शिकव. त्यांच्या पालकांना आत्ताच सांग की पुढच्या वर्षी तू नसशील. कुठे अडकतात, काय पक्कं झालंय, याची एक वही करून ठेव म्हणजे पुढच्या शिक्षकाला उपयोग होईल. तुला ते छान जमेल. पण नव्या तिसऱ्या मुलाला हो म्हणणं म्हणजे इथेच राहण्याला हो म्हणण्यासारखं आहे, आणि ते तू अजून स्वतःला विचारलेलंच नाहीस, असं मला वाटतं. मला तसं वाटतं. तुझं वेगळं असेल तर सांग, मी ऐकेन, मध्ये बोलणार नाही. प्रयत्न करेन.

माझी काळजी करू नकोस असं लिहून उपयोग नाही, तू करणारच. निदान अर्धी आईवर सोड. काकांशी माझं बोलणं चालू आहे, पुढच्या महिन्यात काहीतरी ठरेल. नाही ठरलं तरी आपण उपाशी राहणार नाही. पाकीट मी तुझ्या पुस्तकांच्या खणात ठेवलंय. ते तुझ्या श्रमाचे पैसे आहेत, तुझ्याच शिक्षणासाठी वापर. परत कपाटात ठेवलंस तर मी परत खणात ठेवेन.

त्या तिसऱ्या मुलाच्या आईला रविवारपर्यंत उत्तर द्यायचं आहे म्हणालीस. त्याच्या आधी एकदा बसू. आईलाही बसवू. नाही म्हणायचं ठरलं आणि तुला अवघड वाटलं, तर काय बोलायचं ते आपण मिळून ठरवू, पण फोन तूच कर.

तुझा,
बाबा

ता. क. सातवीतल्या त्या मुलाचा उद्याचा पेपर गुणाकाराचा आहे ना? गुणाकार केला की संख्या वाढतेच असं त्याला अजून वाटतं. काल जाताना तो मला म्हणाला की अर्धा गुणिले अर्धा म्हणजे एक. तू विचारशीलच, पण सांगून ठेवलं. आणि फॉर्मची शेवटची तारीख वीस आहे.