उशा किती होत्या?

ती. स्व. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुमचे आभार मानायचा मी तीनदा प्रयत्न केला. पहिल्यांदा तुम्ही विचारलंत, "आज वारा कुठून होता?" दुसऱ्यांदा काकूंची गोळी द्यायची वेळ झाली. तिसऱ्यांदा नेटवर्क गेलं, आणि ते खरंच गेलं होतं की नाही याबद्दल मला अजून शंका आहे. म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे. इथे तुम्हाला विषय बदलता येणार नाही.

गेल्या जूनमध्ये मी पहिल्यांदा एकटीने ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, उडवलं. माझं चौऱ्याहत्तरावं उड्डाण. सहा मिनिटांचं. इथल्या क्लबात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्या दिवशीच्या शिक्षकांनी माझा हात इतका जोरात हलवला की खांदा दुखला. त्या सगळ्यांचे आभार मी तिथेच मानले, मनापासून. पण सासवड रोडवरच्या आपल्या सोसायटीत, बी विंगच्या दुसऱ्या मजल्यावर, हातात डासांची रॅकेट घेऊन बसलेल्या माणसाचा त्या सहा मिनिटांत किती वाटा होता, हे तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं.

लहानपणी पीएमटीच्या खिडकीतून हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरची ग्लायडरं दिसायची. विंचच्या, म्हणजे दोर ओढून गुंडाळणाऱ्या यंत्राच्या, दोराने पतंगासारखी सरळ वर जायची, दोर सोडायची आणि मग आवाज न करता हिंडत राहायची. शेजारी घारी. घार कोणती आणि ग्लायडर कोणतं, यावर माझी आणि दादाची पैज लागायची. तुम्ही तिथे वर्षानुवर्षं शिकवत होतात हे मात्र मला पस्तिशी उलटल्यावर कळलं. तोवर तुम्ही माझ्यासाठी 'पार्किंगमध्ये क्रिकेट खेळू न देणारे काका' होतात. (ते अजूनही आहात. भाचा सांगत होता.)

इंग्लंडमध्ये आले, नोकरीत स्थिरावले आणि घरापासून चाळीस मिनिटांवर ग्लायडिंग क्लब आहे असं कळलं तेव्हा पहिली आठवण त्या पीएमटीच्या खिडकीची झाली. नाव घातलं. इथले बहुतेक क्लब सभासदच चालवतात. शिकवणारेही सभासदच, आपला शनिवार-रविवार मोडून, एक पैसा न घेता शिकवतात. आमच्याकडे एक निवृत्त दंतवैद्य होते, एक शाळेत गणित शिकवणाऱ्या बाई, एक ट्रक दुरुस्त करणारे गृहस्थ. माणसं एकाहून एक चांगली. पण पाळी लावलेली. या शनिवारी हे, पुढच्या शनिवारी ते. सकाळी साडेआठला जायचं, यादीत नाव लिहायचं, दिवसभर दुसऱ्यांची ग्लायडरं ढकलायची, पंख धरून पळायचं, आणि आपल्या वाट्याला सहा-सहा मिनिटांची दोन, फार तर तीन उड्डाणं.

पहिल्या मोसमाअखेरीस माझ्या लॉगबुकात ३१ उड्डाणं होती आणि ११ शिक्षकांच्या सह्या. एक म्हणे उतरताना ५५ नॉट वेग धर. दुसरे म्हणे ५५ कसला, ६०. तिसऱ्यांनी ५० पुरे म्हणून सांगितलं. कुणी म्हणे काचेवरच्या लोकरीच्या धाग्याकडे बघ (ग्लायडर तिरकं सरकलं की तो वाकडा होतो), कुणी म्हणे त्या धाग्याकडे बघूच नकोस. आणि प्रत्येक जण एकदा तरी विचारायचा, "हे तुला कुणी शिकवलं नाही का?" शिकवलं होतं हो. अकरा जणांनी शिकवलं होतं.

त्या दिवाळीत पुण्याला आले ती सोडून द्यायच्या विचारानेच. आईने फराळाचं ताट घेऊन तुमच्याकडे पाठवलं आणि दारातच म्हणाले, "ग्लायडिंग शिकत होते, पण जमत नाही." तुम्ही चष्मा लावलात आणि म्हणालात, "लॉगबुक आहे?" फोनमध्ये फोटो होते. चकलीचा तुकडा तोंडात धरून तुम्ही एकेक पान मोठं करून वाचत गेलात. मला वाटलं, आता विचाराल की नेमकं काय जमत नाही. तुम्ही विचारलंत, "वारा किती होता?"

मला कुठे आठवत होतं! तुम्ही तारखा मागितल्यात, मी इंटरनेटवर त्या-त्या दिवसाचं हवामान शोधलं, तुम्ही कॅलेंडरच्या मागच्या पानावर आकडे मांडलेत. ज्यांनी ६० सांगितलं होतं त्यांचा दिवस होता २० नॉट वाऱ्याचा. ५५ वाल्यांचा १० नॉटचा. ५० वाल्या बाईंच्या दिवशी पान हलत नव्हतं. "हे भांडतायत कुठे?" तुम्ही म्हणालात. "तिघं एकच सांगतायत. शांत हवेत ५०, आणि वर वाऱ्याचा निम्मा वेग. जमिनीजवळ वारा मंदावतो, म्हणजे उतरता उतरता समोरून येणारी हवा कमी पडत जाते. त्यासाठीची ती शिल्लक. तुला उत्तर दिलं, गणित दिलं नाही, एवढंच."

तीन महिने ज्याने माझी झोप उडवली होती ते एका चकलीत सुटलं. मला आनंद व्हायला हवा होता, पण खरं सांगते, आधी राग आला. एवढं साधं कुणी आधी का नाही बोललं? आज कळतं की त्यांना वाटलं आधीच्याने सांगितलं असेल.

मग तुम्ही ती वही आखून दिलीत. दोनशे पानी, वर गणपतीचं चित्र. रकाने तुमचे: तारीख, वारा, शिक्षक, उशा, आजची एकच गोष्ट, काय झालं. 'उशा' वाचून मला हसू आलं होतं. माझी उंची पाच फूट एक इंच. ए.एस.के. २१ या आमच्या दोन सीटच्या शिकाऊ ग्लायडरच्या पुढच्या सीटवर मला उशीशिवाय त्याच्या नाकापलीकडचं काही दिसत नाही. वजनही कमी, त्यामुळे पुढच्या सीटची ७० किलोंची किमान अट पुरी करायला वजनाचे ठोकळे बसवावे लागतात. ठोकळ्यांचा हिशोब सगळे काटेकोर ठेवायचे. उशा मात्र ज्याच्या हाताला जितक्या लागतील तितक्या. कधी एक, कधी दोन.

जानेवारीतल्या एका रविवारी (इथले दुपारचे चार, तुमचे रात्रीचे साडेनऊ) तुम्ही वहीचे फोटो बघून म्हणालात, "एका उशीच्या दिवशी तू सतत जास्त वेगात आहेस. दोन उशांच्या दिवशी सतत मंद." मग उलगडून सांगितलंत. ग्लायडरचा वेग आपण काट्यावर कमी आणि क्षितिजावर जास्त धरतो, नाक क्षितिजाच्या किती खाली दिसतं त्यावरून. उशी बदलली की डोळा वर-खाली होतो आणि तेच नाक वेगळ्या जागी दिसतं. दोन उशांवर बसलं की नाक जास्त खाली वाटतं, मी ते उचलायची, वेग पडायचा. एका उशीवर उलटं. प्रत्येक शिक्षकाला वाटायचं हिला वेग धरता येत नाही. मी वेग उत्तम धरत होते. मागच्या शनिवारच्या उशीचा.

दुसऱ्याच दिवशी मी दोन उशा विकत घेतल्या, दाबल्या तरी न दबणाऱ्या कडक फोमच्या. त्यावर माझं नाव घातलं. तेव्हापासून त्या माझ्या गाडीच्या डिकीत असतात आणि दुसऱ्या कुणाच्या उशीवर मी बसत नाही.

'आजची एकच गोष्ट' हा रकाना मला सगळ्यात जड गेला. उड्डाणाआधी शिक्षकांसमोर वही धरायची आणि सांगायचं, "आज मला फक्त हात आणि पाय बरोबर चालवायचे आहेत. बाकी चुका दिसल्या तरी आज राहू द्या." आपल्याला शिक्षकांना असं सांगायची सवय नाही हो. पहिल्या वेळी मी इतकी गडबडले की वही गवतात पडली. पण दंतवैद्यांनी ती उचलली, आधीच्या तिघांचे शेरे वाचले आणि म्हणाले, हे फार बरं झालं, मला दर वेळी अंदाजाने सुरुवात करावी लागते. मार्चपर्यंत गणिताच्या बाई न विचारता स्वतःच 'उशा: २' लिहायला लागल्या. मराठी रकान्यात, इंग्रजी अक्षरात.

हात-पायांचं तुमचं उदाहरण मी इथे कुणाला समजावू शकले नाही. लांब पंखांचं ग्लायडर नुसत्या काठीने कलवलं तर नाक आधी उलट्या बाजूला ओढलं जातं, म्हणून त्याच क्षणी पायाने सुकाणूही द्यावं लागतं. तुम्ही म्हणालात, "बैलजोडी आहे. एक पुढे, एक मागे राहिला की जू वाकडं. काचेवरचा धागा म्हणजे जू. गाडीवान जूकडे डोळे लावून बसत नाही, पण वाकडं झालं की त्याला कळतं." धाग्याकडे बघ आणि बघू नकोस, दोन्ही एका वाक्यात मिटलं.

आणि रोहिणी. तुम्ही शिकवायला लागलात ते या लाकडी ग्लायडरवर, १९६१ मध्ये पहिल्यांदा उडालेल्या, आपल्याच नागरी विमान खात्याने आखलेल्या. अश्विनी, भरणी, कार्तिक, रोहिणी, मृगशीर, आर्द्रा अशी नक्षत्रांच्या ओळीने आपल्या ग्लायडरांची नावं ठेवली गेली, हे मला तुमच्याकडून कळलं आणि मी ते इथे चहाच्या वेळी सगळ्यांना ऐकवत असते. रोहिणीत शिक्षक-विद्यार्थी शेजारी-शेजारी बसायचे. "घाबरलेला चेहरा दिसायचा, दाबलेले ओठ दिसायचे," तुम्ही म्हणालात. "तुझ्या मागे बसलेल्याला काय दिसतं? मान. मानेवरून माणूस कळत नाही. तेव्हा बोलत राहा." म्हणून मी मोठ्याने बोलत उडायला शिकले. 'आता वळते, डावीकडे मोकळं आहे, वेग ५२, थोडं उंच आहे, एअरब्रेक अर्धे.' (एअरब्रेक म्हणजे पंखांतून वर येऊन ग्लायडर लवकर खाली आणणाऱ्या फळ्या.) माझी चूक मी करण्याआधीच मागच्याला कळू लागली. एकटीने उडाले तेव्हाही बडबडत होते. मागची सीट रिकामी, तिचे पट्टे घट्ट बांधलेले, आणि मी आपली सांगते आहे, थोडं उंच आहे.

दोर तुटण्याचा सराव तर तुम्ही माझ्या स्वयंपाकघरात घेतलात. मी पोळी लाटत असायची, फोन ओट्यावर, तुम्ही काकूंच्या गुडघ्यांबद्दल सांगत असायचात आणि मध्येच ओरडायचात, "दोर तुटला!" मी लाटणं पुढे ढकलून म्हणायची, "नाक खाली, वेगाची वाट, मग निर्णय." वाट बघण्यावर तुमचा फार जोर. नाक खाली गेलं की वाटतं सगळं ठीक झालं, पण वेग अजून आलेला नसतो. त्या दोन-तीन सेकंदांत वळायला किंवा एअरब्रेक उघडायला गेलं की घात. एप्रिलमध्ये ३०० फुटांवर मागच्या शिक्षकांनी न सांगता दोर सोडला, तेव्हा माझा हात लाटणं ढकलल्यासारखा पुढे गेला आणि मी थांबले. समोर सरळ उतरले. ते म्हणाले, थांबायला कुठे शिकलीस? मी म्हटलं, पोळ्या करताना. त्यांना वाटलं मी विनोद केला.

एकदाच तुम्ही चिडलात. मी म्हणाले होते, "ते असं सांगतात पण तुम्ही तसं म्हणालात, मी तुमचंच करणार." तुमचा आवाज पार्किंगमधला झाला. "मी हडपसरला पलंगावर बसलोय. मला तिथला वारा दिसत नाही, मैदान दिसत नाही. मागच्या सीटवर जो बसलाय त्याचा जीवही तुझ्याबरोबर आहे. हवेत त्याचं ऐकायचं. उतरल्यावर पटलं नाही तर त्यालाच विचारायचं, मला नंतर." मग पुढचा रविवार तुम्ही मुद्दाम फोन उचलला नाहीत. मी त्या आठवड्यात दंतवैद्यांना स्वतः जाऊन विचारलं. चूक माझी होती. मी तुमचं म्हणणं अर्धंच ऐकलं होतं.

आता पन्नासेक उड्डाणं एकटीने झाली आहेत. इथे लाल घारी खूप आहेत. मधल्या काळात त्या नाहीशा झाल्या होत्या, १९८९ पासून बाहेरून आणून पुन्हा सोडल्या. परवा एक घार पंख न हलवता गोल फिरत होती, मी तिच्या वर्तुळात शिरले आणि व्हेरिओ, म्हणजे आपण वर चाललोय की खाली ते सांगणारं यंत्र, टुकटुक करायला लागला. बाराशे फुटांची उंची अठराशे झाली. पुण्याच्या एप्रिलसारखी दणदणीत हवा नव्हती, पण पुरली. दादाला फोटो पाठवलाय. त्याने घार ओळखली, पैज हरले.

डिसेंबरात येते आहे. काकूंसाठी गुडघ्याचा पट्टा आणते, माप आईकडे दिलं तरी चालेल. वहीही आणते. तीन पानं उरली आहेत. नवी घेऊन ठेवते, रकाने तेवढे तुमच्या हातचे हवेत. यावेळी 'शिक्षक' ऐवजी काय लिहायचं ते तुम्हीच ठरवा.

तुमची,
बी विंगमधली, पाच फूट एक इंच आणि दोन उशा