दिवे बदलण्याआधी बोर्ड उघडा

प्रति,
मा. अध्यक्ष,
सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित,
गोडोली, सातारा

विषय : सामाईक दिवे एलईडी करण्याचा ठराव आणि त्यासोबतचे कोटेशन

मा. अध्यक्ष, स.न.वि.वि.

वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत सामाईक दिवे एलईडी करण्याचा ठराव आहे आणि त्याला एकाच ठेकेदाराचे कोटेशन जोडले आहे. ठरावाला आमचा पाठिंबा आहे, कोटेशनला नाही. या विषयावर सोसायटीत दोन तट पडले आहेत. एक तट म्हणतो, एलईडी लावा, बिल निम्म्यावर येईल. दुसरा म्हणतो, ते सहा महिन्यांत जातात, जुनी ट्यूब काय वाईट आहे? गंमत अशी की दोघांचेही बरोबर आहे. बिल खरेच उतरते, आणि आपल्या इमारतीत एलईडी खरेच लवकर जातील. त्याचे कारण दिव्यात कमी आणि पार्किंगमधल्या सामाईक बोर्डात जास्त आहे.

आधी हिशेब. तिन्ही जिन्यांत मिळून १५ आणि पार्किंगमध्ये १२ ट्यूब आहेत. ट्यूबवर ३६ वॅट छापलेले असते, पण ट्यूबच्या पट्टीतला तांब्याचा चोक (ट्यूबचा प्रवाह आवरणारी गुंडाळी) वर १० ते १२ वॅट खातो. म्हणून एक पट्टी ४८ वॅटची धरावी. रोज १२ तास जळणाऱ्या २७ पट्ट्यांना साडेपंधरा युनिट लागतात, महिन्याला साधारण ४६५. जिन्याच्या वळणावर चार फुटी ट्यूबइतका उजेड लागतच नाही. दोन फुटी, १० वॅटचा, १,००० ल्यूमेनचा (ल्यूमेन म्हणजे उजेडाचे माप) बॅटन, म्हणजे पट्टीसकट येणारा एलईडी दिवा, पुरतो. पार्किंगला मात्र चार फुटी, २० वॅटचा आणि किमान २,००० ल्यूमेनचा हवा. असे केले तर तेच काम महिन्याला १४० युनिटमध्ये होते. वाचलेली ३२५ युनिटे सरासरी दराने गुणू नयेत. घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या टप्प्यांनी चढत जातो आणि बचत नेहमी वरच्या, महागड्या टप्प्यातून कमी होते. खजिनदारांनी मागच्या तीन बिलांवर ही वजाबाकी करून सभेत आकडा ठेवावा.

गच्ची, मीटर रूम आणि पंप रूममधल्या पाच जुन्या पिवळ्या बल्बना हात लावू नये. ते रोज वीस मिनिटेसुद्धा जळत नाहीत. पाचांची मिळून महिन्याला तीन युनिटे. कोटेशनमध्ये तेही बदलण्याचे पैसे धरले आहेत. गेले की बदलू.

आता बोर्ड. संध्याकाळी पंप सुरू झाला की सी विंगचे दिवे मंदावतात आणि ए विंगचे उजळतात, हे आपण सगळेच पाहतो. हे लक्षण न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी सामाईक तार, ढिली असल्याचे आहे. तीन फेजच्या बोर्डात न्यूट्रलचा जोड लूज झाला की प्रत्येक विंगला २३० व्होल्ट मिळण्याची खात्री राहत नाही; ज्या फेजवर भार कमी तिथला व्होल्टेज चढतो, आणि जोड पुरताच सुटला तर ४०० च्या दिशेने जातो. चोकवाली ट्यूब असला मार काही काळ सहन करते, एलईडीचा ड्रायव्हर, म्हणजे दिव्याला वीज पुरवणारे आतले सर्किट, करत नाही. एकाच रात्री एकाच विंगचे चार-पाच दिवे गेले, तर दुकानदाराशी भांडण्याआधी न्यूट्रल पाहावा.

म्हणून पहिले काम परवानाधारक वायरमनकडून करून घ्यावे. सप्लाय बंद करून न्यूट्रल लिंकचे सगळे स्क्रू कसायचे, काळवंडलेली लिंक बदलायची, आणि जिथे ॲल्युमिनियमची केबल तांब्याच्या पट्टीला थेट जोडली आहे तिथे दोन धातूंचा लग (केबलच्या टोकाला बसणारी टोपी) घालायचा. नुसते पिळून टेप मारलेले जोड सातारच्या चार महिन्यांच्या दमट हवेत गंजतात आणि पुन्हा ढिले पडतात. मग मल्टिमीटरने तिन्ही फेजचा न्यूट्रलशी व्होल्टेज तीन वेळा घ्यायचा: संध्याकाळी सात वाजता पंप बंद असताना, लगेच पंप चालू करून, आणि मध्यरात्रीनंतर गावाचा भार उतरलेला असताना. पंप सुरू होताच दोन फेजच्या आकड्यांतला फरक १० व्होल्टच्या वर गेला तर काम अजून झालेले नाही. मध्यरात्री २५० च्या वर आकडा दिसत असेल तर महावितरणकडे लेखी तक्रार द्यावी. वळवाच्या विजांसाठी बोर्डात सर्ज प्रोटेक्शन (व्होल्टेजच्या अचानक उसळीपासून बचाव करणारे साधन) बसवावे, पण अर्थिंग ठीक नसेल तर त्याचा उपयोग नाही. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो. आता त्यात भरपूर ओल आहे, म्हणून खरे मोजमाप मे महिन्यातच करावे.

बी विंगच्या तिसऱ्या मजल्यावरचा सीएफएल बटण बंद केल्यावरही मधूनमधून लुकलुकतो. कोणीतरी बटणातून फेजऐवजी न्यूट्रल तोडला आहे. एलईडी लावल्यावर तो रात्रभर मिणमिणेल. त्याहून वाईट म्हणजे दिवा बंद आहे असे समजून होल्डरला हात लावणाऱ्याला झटका बसेल. दहा मिनिटांचे काम आहे, याच फेरीत व्हावे.

कोटेशनमधला सर्वात स्वस्त पर्याय आहे ‘पट्टी तीच, फक्त नळी बदलणे’. हा मान्य करू नये. चोक सर्किटमध्ये राहिला तर त्याचा फुकटचा खर्च चालूच राहतो. चोक आणि स्टार्टर काढून सरळ वायर जोडली, तर काही नळ्यांना फेज-न्यूट्रल एकाच टोकाला लागतात आणि काहींना दोन टोकांना. तीन वर्षांनी वॉचमनने दुसऱ्या कंपनीची नळी किंवा घरात पडून असलेली जुनी ट्यूब त्यात अडकवली की शॉर्ट. शिवाय जुने होल्डर उष्णतेने ठिसूळ झालेले आहेत. पूर्ण बॅटन दोन-तीनशे रुपयांत मिळतो. नळी आणि पूर्ण बॅटन यांतला फरक सगळे मिळून फार मोठा होत नाही.

नव्या कोटेशनमध्ये वॅटइतकेच ल्यूमेनही लिहून मागावेत. बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) नोंदणी क्रमांक बॅटनवर छापलेला असावा, सर्ज सहन करण्याची क्षमता ४ किलोव्होल्ट असावी आणि वॉरंटी किमान दोन वर्षांची, बिलावर लिहिलेली. ‘५०,००० तास’ या छापील आकड्याला भुलू नये. तो आकडा प्रकाश देणाऱ्या चिपचा असतो, आणि तोही उजेड ७० टक्क्यांवर येईपर्यंतचा. दिवा मरतो तो बहुधा ड्रायव्हरमुळे, त्यातल्या कपॅसिटरमुळे, आणि कपॅसिटर मरतो उष्णतेने. म्हणूनच गेटच्या खांबांवरच्या बंद काचेच्या गोळ्यांत साधा ९ वॅटचा बल्ब लावला की तो लवकर जातो. तिथे आज सहा सीएफएल आहेत. गोळे काढून पाऊस सोसणारे, आयपी ६५ दर्जाचे फिटिंग लावावे. वायर खालून आत न्यावी आणि आत जाण्याआधी तिला एक झोल ठेवावा, म्हणजे पाणी वायरवरून घरंगळत आत न जाता तिथेच टपकते. गेटजवळ पिवळसर, ३००० केल्विनचा उजेड ठेवावा. पांढऱ्याशुभ्र दिव्याभोवती पावसाळी किडे जास्त जमतात आणि त्यांच्या मागे पाली येतात. नमुन्याचा एक दिवा लावून मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहावे. काळे पट्टे ठळकपणे सरकताना दिसले तर दिवा लुकलुकणारा आहे. डोळ्यांना त्रास होतो म्हणणाऱ्यांचे गाऱ्हाणे बहुतेक अशाच दिव्यांबद्दल असते.

बसवताना प्रत्येक बॅटनच्या मागे न पुसणाऱ्या पेनाने तारीख लिहावी. वॉरंटीचे निम्मे वाद तिथेच मिटतात.

जिन्यात सेन्सर नकोत. हालचाल टिपणारा दिवा वळणावर माणूस दिसेपर्यंत लागत नाही आणि वयस्कर माणूस पायरीवर थांबला की विझतो. १० वॅटच्या दिव्यावर सेन्सरने होणारी बचत एवढी किरकोळ आहे की धोका पत्करण्यात अर्थ नाही. खरी गळती वेगळी आहे: सकाळी नऊपर्यंत जळत राहणारे दिवे. प्रत्येक विंगला एक टायमर लावावा, बॅटरी बॅकअप असलेलाच, नाहीतर वीज गेली तितका त्याचा वेळ मागे पडतो. फोटोसेल (अंधार पडला की दिवा लावणारा स्विच) स्वस्त पडतो, पण दिव्याचाच उजेड त्याच्यावर पडला तर रात्रभर चालू-बंद होतो, आणि कबुतराने घाण केली की त्याला दिवसाही रात्र वाटते.

काढलेल्या २७ ट्यूब आणि सीएफएल घंटागाडीत टाकू नयेत. त्यांत थोडा पण विषारी पारा असतो. नव्या बॅटनच्या खोक्यांत त्या अखंड ठेवून अधिकृत ई-कचरा संकलकाकडे द्याव्यात आणि पावती घ्यावी. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांत हे दिवे येतात. एखादी फुटलीच तर तिथून सगळ्यांना बाजूला करून पंधरा मिनिटे हवा खेळू द्यावी. झाडू मारू नये, त्याने पारा पसरतो. जाड पुठ्ठ्याने तुकडे गोळा करावेत, बारीक चुरा चिकटपट्टीने उचलावा आणि सगळे झाकणाच्या बरणीत ठेवावे. ‘ट्यूबच बरी’ म्हणणाऱ्यांसाठी एवढेच : पाऱ्याचा वापर रोखणाऱ्या आंतरराष्ट्रीय मिनामाता करारातील देशांनी २०२३ साली जिनिव्हात फ्लुरोसंट दिव्यांचे उत्पादन आणि आयात-निर्यात २०२७ पर्यंत थांबवण्याचे ठरवले आहे आणि भारत त्या करारात आहे. उद्या जुन्या पट्टीसाठी ट्यूब शोधत फिरावे लागेल.

‘कोयनेचा जलविद्युत प्रकल्प आपल्याच जिल्ह्यात, आपली वीज स्वच्छच’ हाही मुद्दा ऐकू येतो. कोयनेची १,९६० मेगावॅटची क्षमता मुख्यतः मागणी चढते त्या वेळेसाठी वापरली जाते, आणि वीज ग्रीडमधून येते तिला जिल्हा नसतो. राज्याची बहुतांश वीज कोळशावरचीच आहे. एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर दरमहा सव्वादोनशे किलोचा फरक पडतो.

सोलरचा विषय याच सभेत घेऊ नये, अशी विनंती. आज दिवे, गेट आणि पंप मिळून महिन्याला सव्वासहाशे युनिटे लागतात, म्हणजे सुमारे ५ किलोवॅटचे पॅनल लागतील. गेटसकट सगळे दिवे बदलल्यावर गरज २७० च्या आसपास येते आणि सव्वादोन किलोवॅट पुरतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांच्या सामाईक सुविधांसाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे, पण अनुदान मिळते म्हणून दुप्पट पॅनल घेणे शहाणपणाचे नाही. दिवे बसल्यावर तीन महिन्यांची बिले हाती येऊ द्यावीत.

त्याच काळात पंपही तपासून घ्यावा. टाकी भरण्याआधी आणि नंतर सामाईक मीटरचे आकडे लिहावेत, त्या वेळी दुसरे काही चालू नसावे. वीस मीटर उंचीवर १,००० लिटर पाणी चढवायला चांगल्या पंपाला ०.१५ ते ०.२ युनिट लागते. ०.३ च्या वर गेले तर इंपेलर (पंपातले पाणी ढकलणारे चाक) झिजला आहे, फूट व्हॉल्व्ह (पाइपच्या तळाची झडप) गळतो आहे किंवा टाकी वाहते आहे; टाकी वाहत असेल तर टाकी भरताच पंप बंद करणाऱ्या फ्लोट स्विचने काम भागेल.

खर्च दुरुस्ती निधीतून करावा, सिंकिंग फंडाला हात लावू नये. ठरावात एवढाच बदल सुचवतो : आधी बोर्डाचे काम आणि व्होल्टेजची नोंद, ती नोंद सूचना फलकावर लागल्यावरच दिव्यांची ऑर्डर. बोर्ड उघडताना महावितरणच्या मीटरच्या सीलला कोणी हात लावणार नाही एवढे वायरमनला आधीच बजावावे. त्या दिवशी पाणी सकाळी आठपर्यंत चढवून घ्यावे, पंप दुपारपर्यंत बंद राहील.

आपले,
बी विंग आणि सी विंगमधील सभासद