क्रेनवरचा बाप

संपादक साहेब, नमस्कार. गायक मायकल जॅक्सनच्या घरच्यांवरची १९९२ ची ती टीव्ही मालिका, ‘द जॅक्सन्स: अॅन अमेरिकन ड्रीम’, परवा भाच्याच्या मोबाईलवर बघितली, पावसात होड्या वर ओढलेल्या, वेळच वेळ. अमेरिकेतलं गॅरी गाव, दोन बेडरूमचं घर, ९ पोरं, बाप स्टीलच्या कारखान्यात क्रेनवर आणि घरी आला की पोरांची गाण्या-नाचाची तालीम, चुकलं की मार. अँजेला बॅसेटने आई काय केलीय, एक नंबर! पण गोष्ट आईच्याच पुस्तकावरून घेतलेली ना, म्हणून बापाला जरा सांभाळून घेतलंय असं मला तरी वाटलं. आमच्या दशावतारात पण पोरं लहानपणीच रंगमंचावर उभी राहतात, पण झोप आली तर पेटाऱ्यामागे झोपू देतात हो. कोणीतरी मराठीत डब करा, आमच्या म्हातारीला सबटायटल वाचता येत नाय.

– एक वाचक, मालवण