आईला विचारलंत का?

आईला डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) असल्याचे निदान झाले, तेव्हा डॉक्टरांनी डोनेपेझिल ही गोळी लिहून दिली. आधी 5 मिलिग्रॅम, महिन्याने 10. पाच मिनिटांत आम्ही केबिनबाहेर! या गोळीने आजार बरा होत नाही, फार तर काही काळ लक्षणे आटोक्यात राहतात, हे कोणी सांगितलेच नाही. डोस वाढताच मळमळ, जुलाब सुरू झाले. आई वरणभाताचे ताटही बाजूला सारू लागली. भाऊ म्हणे चालू ठेवू, मी म्हणे बंद करू. शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी थेट तिलाच विचारले. ‘‘मला संध्याकाळी तलावपाळीला फिरायला जायचं असतं. पोट असं बिघडल्यावर कशी जाऊ?’’ डोस पुन्हा 5वर आला. तीन महिन्यांनी पुन्हा बघायचे ठरले. पहिल्या भेटीत हे तिला विचारायला किती वेळ लागला असता?

– एक वाचक, नौपाडा, ठाणे