सायबर सुरक्षा केवळ नागरिकांच्या सावधगिरीवर सोडू नये

संपादक महोदय,

सायबर सुरक्षेची जनजागृती म्हटली की ‘अनोळखी लिंकवर क्लिक करू नका’ एवढेच नागरिकांना बजावले जाते. सल्ला चुकीचा नाही, पण अपुरा आहे. १२ मे २०१७ रोजी दीडशेहून अधिक देशांत फैलावलेला ‘वॉनाक्राय’ हा खंडणी मागणारा संगणक-विषाणू कोणाच्या क्लिकची वाट पाहत नव्हता. विंडोजमधील एका त्रुटीचा फायदा घेऊन तो नेटवर्कवरील एका संगणकातून दुसऱ्यात आपोआप शिरत होता आणि ती त्रुटी दूर करणारे अपडेट १४ मार्चलाच उपलब्ध झाले होते. त्याच त्रुटीचा, शिवाय चोरलेल्या पासवर्डचा वापर करणाऱ्या ‘नॉटपेट्या’ या दुसऱ्या विषाणूने जूनअखेरीस मर्स्क या जहाजवाहतूक कंपनीची यंत्रणा ठप्प केली, तेव्हा आपल्या न्हावाशेवा बंदरातील तिच्या टर्मिनलचे कामही अडले.

आपल्याकडचा नित्याचा संसर्ग याहून साधा असतो. प्रवेशाच्या दिवसांत विद्यार्थी झेरॉक्सच्या दुकानात पेनड्राइव्ह लावतो, गुणपत्रिकेची प्रत काढतो आणि तोच पेनड्राइव्ह महाविद्यालयाच्या कार्यालयात देतो. घरी येऊन पाहावे तर सगळे फोल्डर लपलेले आणि त्यांच्या जागी त्याच नावांचे शॉर्टकट! पेनड्राइव्ह फॉरमॅट करून विद्यार्थी सुटतो. दुकानातला संगणक मात्र पुढच्या गिऱ्हाइकाला तोच प्रसाद देत राहतो.

जैविक विषाणू आणि संगणकातला विषाणू यांत एक मूलभूत फरक आहे. जैविक विषाणू पेशीत शिरून तिच्याच यंत्रणेकडून स्वतःच्या प्रती काढून घेतो, त्या प्रतींत चुका होतात आणि त्यांतून नवे प्रकार उद्भवतात. त्यामागे कोणाचा हेतू नसतो. संगणकातला विषाणू माणूस लिहितो, बहुधा पैशासाठी, म्हणून तिथे डॉक्टरइतकीच पोलिसांचीही गरज असते. प्रतिबंधाची रीत मात्र दोन्हीकडे सारखीच आहे. जानेवारी २०११ नंतर भारतात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा रुग्ण आढळला नाही, तो पालकांना नुसते सावध राहायला सांगून नव्हे. बाळाच्या करंगळीवर शाई लावत आणि तपासलेल्या घरांवर खडूने खूण करत कर्मचारी दारोदार फिरले, राहून गेलेल्या घरी पुन्हा गेले.

संगणकांच्या बाबतीत अशी नोंद कोण ठेवते? विंडोज ७ चा सुरक्षा आधार जानेवारी २०२० मध्ये संपला, विंडोज १० चा सर्वसाधारण आधारही ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. तरीही जुनी यंत्रे ‘चालतंय ना’ म्हणून चालवली जातात. शाळा, महाविद्यालये आणि ग्रामपंचायतींतील प्रत्येक संगणकाचे शेवटचे अपडेट व बॅकअप केव्हा झाले याची नोंदवही ठेवणे बंधनकारक करावे, वार्षिक तपासणीत ती पाहिली जावी आणि कालबाह्य यंत्रे बदलण्यासाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र तरतूद करावी, अशी विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक संगणक प्रशिक्षक, कराड