लेहरा धर, बाकी काही करू नकोस

एरंडवणे, पुणे
२२ जुलै

प्रिय सुध्या,

परवा तुझा फोन आला तेव्हा "नंतर बोलू" म्हणालो आणि ते राहूनच गेलं. फोनवर हे नीट सांगताही आलं नसतं, म्हणून लिहायलाच बसलो. खाली नदीपात्रात ढोल-ताशाचा सराव सुरू झालाय. नवी पोरं आहेत, लय दर दोन मिनिटांनी पळते.

तर बातमी अशी, की वयाच्या चौपन्नाव्या वर्षी मी टेक्नो, म्हणजे यंत्रांवर वाजवलेलं नाचाचं संगीत, ऐकायला लागलोय. हस, हस. बायकोही हसते.

भाचा इंजिनिअरिंगला इथे आमच्याकडेच राहतो. एका रात्री त्याने हेडफोन माझ्या कानावर चढवले आणि म्हणाला, "मामा, पाच मिनिटं काही बोलू नकोस." रॉबर्ट हूड नावाचा डेट्रॉईटचा माणूस, १९९४ चं 'मिनिमल नेशन'. पहिली दोन मिनिटं मला वाटलं, गाणं अडकलंय. खाली एक ठोका, वर दोन-चार स्वरांचा एक तुकडा, तोच तो, तोच तो. मग कुठूनतरी एक बारीक छन्न आवाज आत आला आणि अंगावर काटा आला रे! एवढ्याशा आवाजाने! कारण तोवर कान इतके रिकामे झाले होते, की सुई पडली असती तरी घटना वाटली असती.

आणि मला एकदम आपला क्लासचा माळा आठवला. तू तबल्यावर तासभर कायद्याचे पलटे घोळवायचास आणि मी पेटीवर चंद्रकंसचा लेहरा, तीच एक सुरावट पुन्हा पुन्हा, धरून बसायचो. शिक्षाच वाटायची. टाळ्या तुला, चहा सांगायला मी. त्या गुरुपौर्णिमेला कंटाळून मी लेहऱ्यात एक मुरकी घातली, तुझी सम हुकली, आणि गुरुजी सगळ्यांदेखत म्हणाले, "लेहरा धर, बाकी काही करू नकोस." तो अपमान मी तीस वर्षं जपून ठेवलाय. आणि इथे बघतो तर या लोकांनी तबलजीला घरी पाठवून नुसता लेहराच मैफिलीला बसवलाय!

दुसऱ्या दिवशी भाच्याने लॅपटॉपवर रोलंडच्या टीआर-८०८ या ताल वाजवणाऱ्या यंत्राची नक्कल दाखवली. मूळ यंत्र १९८० चं. खाली ओळीने सोळा बटणं: चार लाल, चार नारिंगी, चार पिवळी, चार पांढरी. त्याने किक, म्हणजे खालचा जाड ठोका, टाकली पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि तेराव्या बटणावर. मी म्हटलं, अरे लेका, हे तीनतालाचे विभाग आहेत! फक्त नवव्यावर आपली खाली, म्हणजे तबल्यावरचा रिकामा ठोका, नाही, तिथेही तोच भरीव धप्पा. पण खाली त्यांना दुसरीकडे सापडलीय. मध्येच किक अख्खी काढून घेतात, आठ-आठ आवर्तनं नुसती अधांतरी, आणि ती परत पडते तेव्हा मान आपोआप हलते. तू असतास तर तोंडातून "क्या बात है" निघालं असतं.

मग मी उलटा मागे गेलो. १९७८ मध्ये लंडनला डॅनियल मिलरने 'द नॉर्मल' या नावाने एक छोटी रेकॉर्ड घरीच केली. एक कॉर्ग सिंथेसायझर आणि चार ट्रॅकचा रेकॉर्डर, बास. आवाज असा, की स्टेशनवरची बाई गाडी उशिरा आहे म्हणून सांगतेय. गॅरी न्यूमन या इंग्लिश गायकाची गोष्ट तर तुला आवडेल. गडी पंकची रेकॉर्ड करायला स्टुडिओत गेला, तिथे कुणीतरी मिनीमूग नावाचा सिंथेसायझर ठेवून गेलं होतं. एक पट्टी दाबली आणि त्याची वाटच बदलली. १९७९ मध्ये इंग्लंडात पहिल्या नंबरवर. गंमत म्हणजे मिनीमूगवर एका वेळी एकच स्वर वाजतो. कॉर्ड दाबायची सोयच नाही, त्यामुळे सुरावट सरळ एका रेषेत चालते, आपल्यासारखी. म्हणूनच बहुधा ती मला लगेच कळली. डेपेश मोड या बँडची १९८१ ची पहिली रेकॉर्ड मात्र गोग्गोड वाटली.

आणि आपल्या मुंबईच्या चरणजित सिंगांनी १९८२ मध्येच ८०८ च्या ठेक्यावर दहा राग वाजवून ठेवलेत. तेव्हा कुणी फारसं विचारलं नाही, २०१० मध्ये ती रेकॉर्ड पुन्हा निघाली आणि जगभर बोलबाला झाला. भाचा ते ऐकून हरखतो. मला राग जरा घाईत वाटतात, पण खालचा ठेका तासभर ऐकेन.

काल रात्री हेडफोन न लावता ऐकत होतो, तर स्वयंपाकघरातून हाक आली, "अहो, टाकी भरली, मोटर बंद करा!" मी उठून खरोखर बटण बघून आलो. मोटर बंदच होती.

पेटी काढलीय. मध्य सप्तकातला गंधार चिकटतोय, पण चंद्रकंस बोटांत आहे. गणपतीत येशील तेव्हा दोन दिवस जास्तीचे काढ. तू हवा तेवढा वेळ वाजव, मी मुरकी घालणार नाही. तुझी तबल्याची जोडी माझ्याकडेच आहे, माळ्यावर. हातोडी तेवढी घेऊन ये.

तुझा,
अव्या